बाबांचा गूळ कुणी बंद केला?

पत्र: "मॅडम, आम्ही हिंगणघाटजवळच्या खेड्यातले. पाच एकर, कापूस अन् तूर. बाबा ५६ वर्षांचे, तीस वर्षं खर्रा (तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण) खाल्ला. दोन वर्षांपूर्वी गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) दिले, आता मानेत गाठ परत आली. नागपूरच्या डॉक्टरांनी कमी डोसची इम्युनोथेरपी (रोगप्रतिकारक पेशींना लढायला लावणारं औषध) सुचवली आहे. पेट स्कॅनच्या वेळी तिथला माणूस म्हणाला, कॅन्सर साखर ओढतो म्हणून तो चमकतो. ते ऐकल्यापासून मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावांनी, घरात साखर, गूळ, भात, भाकर सगळं बंद केलं. 'गाठीले उपाशी मारा' म्हणतात. तीन महिन्यांत बाबा ६१ किलोवरून ५२ वर आले. पोळ्याला बैलांना पुरणपोळी चारली अन् स्वतः नुसते ओट्यावर बसून राहिले. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी वाचलं की गाठ रोगप्रतिकारक पेशींची साखर पळवते, म्हणून त्या पेशी लढू शकत नाहीत. मग मोठेबाबांचं बरोबरच नाही का? सोड्याचं पाणी आणि गुळवेलीचा काढाही सुरू आहे. रक्तातली साखर बाबांना कधी नव्हती. काय करू?"

बाळा,

आज संध्याकाळी बाबांना गुळाचा चहा करून दे. बाकीचं पत्र त्यानंतर सावकाश वाच.

मोठेबाबांवर रागावू नको. त्यांनी ऐकलेली गोष्ट खोटी नाही, तिच्यातून काढलेला अर्थ चुकला. पेट स्कॅनच्या आधी शिरेतून जे औषध देतात ते ग्लुकोजचंच एक रूप असतं, त्याला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेलं. जिथे ग्लुकोजची ओढ जास्त तिथे ते साठतं आणि पडद्यावर चमकतं. ही ओढ जर्मनीच्या ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच पाहिली होती. गाठीतल्या पेशी भरपूर ग्लुकोज घेतात, आणि प्राणवायू हाताशी असला तरी त्याचं अर्धवट ज्वलन करून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. पण बाबांचा स्कॅन डॉक्टरांकडे असेल तर एकदा नीट पाहा. गाठीबरोबर मेंदूही लख्ख चमकलेला दिसेल. मग मेंदूलाही उपाशी मारायचं का, हे मोठेबाबांना विचार. हसून विचार.

आता तू वाचलेलं. तेही बरोबर आहे, आणि तुझी शंका खरंच चांगली आहे. मी आयुष्यभर बायोप्सीच्या काचा पाहिल्या. गाठीच्या कडेला लिम्फोसाइट, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, जमलेल्या असायच्या, पुष्कळदा ओळीनं, बांधावर उभ्या राहिलेल्या माणसांसारख्या. आत मात्र तुरळक. तेव्हा आम्ही अहवालात एक ओळ लिहायचो आणि पुढची काच घ्यायचो. त्या बांधावरच का थांबल्या, आत गेलेल्या ढिल्या का पडल्या, हा प्रश्न त्या वेळी आमच्या टेबलावर फारसा कुणी विचारत नव्हतं.

यातल्या मारेकरी टी पेशींची गंमत अशी की लढायला उठल्या की त्यांचाही आहार बदलतो. एरवी त्या थोडक्यात भागवतात. शत्रू दिसला की थोड्या दिवसांत एकीच्या हजारो व्हायचं असतं, त्यासाठी त्या गाठीसारखंच ग्लुकोज धडाधड ओढतात. म्हणजे कॅन्सरची पेशी आणि तिला मारणारी पेशी, दोघींची भूक एकाच पदार्थाची. २०१५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून हे नीट पुढे आलं: गाठीच्या आत ग्लुकोज कमी पडतं, आणि टी पेशी जिवंत असूनही त्यांची हत्यारं बनवणं मंदावतं.

तुमच्याकडे कालव्याचं पाणी आलं असेल तर हे तुला लगेच कळेल. वरच्या अंगाला दहा हॉर्सपॉवरची मोटार लावून बसलेला एक शेतकरी, आणि टोकावर तीनची मोटार असलेला दुसरा. वरचा ओढून घेतो, टोकावरच्याचं पीक वाळतं. आता मोठेबाबा काय करतायत? वरच्याला अद्दल घडवायची म्हणून धरणाचं दारच बंद करतायत. अशानं आधी कोण वाळेल? टोकावरचाच.

आणि खरं सांगायचं तर दार बंदही होत नाही. माणूस जेवला नाही तरी शरीर रक्तातलं ग्लुकोज फार खाली जाऊ देत नाही, कारण मेंदू त्यावर चालतो. यकृत साठा सोडतं, तो संपला की स्नायू मोडून त्यातल्या प्रथिनांचं ग्लुकोज बनवतं. बाबांचे गेलेले नऊ किलो बहुतेक तसेच गेले, मांडीतून आणि दंडातून. गाठीला तिचा वाटा मिळतच राहिला. उपाशी राहिले ते बाबा.

इथे आणखी एक गोष्ट, कारण तू विज्ञानाची विद्यार्थिनी आहेस. 'कॅन्सर साखर खातो' हे वाक्यही आता पूर्वीइतकं सरळ राहिलेलं नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या गाठी फोडून एकेका प्रकारच्या पेशीनं किती ग्लुकोज घेतलं ते मोजलं. पेशीमागे पेशी पाहिलं तर सर्वांत जास्त ग्लुकोज कॅन्सरच्या पेशींनी नाही, गाठीत घुसलेल्या मायलॉइड पेशींनी, म्हणजे मॅक्रोफेज वगैरे मंडळींनी, घेतलेलं होतं. त्याही रोगप्रतिकारक यंत्रणेच्याच, पण गाठीत गेल्यावर पुष्कळदा गाठीच्याच बाजूच्या होतात. कॅन्सरच्या पेशी ग्लुटामीन नावाच्या अमिनो आम्लावर जास्त तुटून पडत होत्या. म्हणजे स्कॅनवर जे चमकतं त्यातली बरीच चमक घरभेद्यांची. गाठीत कोण काय खातं हे ताटातून ठरवता येत नाही, हे एवढ्यावरूनही कळेल.

सोड्याच्या पाण्यामागेही अशीच अर्धी खरी गोष्ट आहे. गाठीत लॅक्टिक आम्ल साचतं आणि त्या आंबट वातावरणात टी पेशी लुळ्या पडतात. उलट लढाई शांत करणाऱ्या नियामक टी पेशी तेच लॅक्टिक आम्ल इंधन म्हणून वापरू शकतात. आपली माणसं गळतात आणि गाठीला सांभाळणारी माणसं त्याच सांडपाण्यावर पोसली जातात, असा तो कारभार. उंदरांना सोडा पाजून इम्युनोथेरपी जास्त लागू पडली, असे प्रयोगही झाले आहेत. कुणीतरी व्हिडिओवाल्यानं तेवढंच उचललं. माणसाच्या रक्ताचा सामू फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ मध्ये घट्ट धरून ठेवतात. सोडा प्यायल्यानं माणसाच्या गाठीच्या आतलं आम्ल जातं, असं सिद्ध झालेलं नाही. पोट फुगतं, सोडियम वाढतं, पोटॅशियम बिघडतं, आणि आधीच न जेवणाऱ्या माणसाची भूक मरते. तो आजच बंद. मात्र डॉक्टरांनी गुळण्यांसाठी सोडा-मिठाचं पाणी सांगितलं असेल तर ते चालू ठेवा. ते थुंकायचं असतं.

आता औषधाचं. टी पेशींच्या अंगावर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. गाठ तो दाबून ठेवते. बाबांना जे देणार आहेत ते बहुधा निवोलुमॅब असेल, नाव कागदावर तपासून घे. ते हा ब्रेक सोडवतं. टी पेशींवरच्या अशा ब्रेकच्या शोधांसाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. तुझ्या प्रश्नाशी याचा संबंध असा: पीडी-१ दाबला गेला की टी पेशीची ग्लुकोज वापरायची ताकदही मंदावते. ब्रेक सुटला की ती परत येते. म्हणजे हे औषध पेशीला नुसतं 'लढ' म्हणत नाही, तिची मोटारही चालू करून देतं. पण मोटार चालू झाली अन् विहिरीत पाणीच नाही, असं व्हायला नको. म्हणून उपचार सुरू होताना बाबांच्या अंगात काही शिल्लक असणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

कमी डोस म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल की गरिबाला पाण्यात कालवून देतात. तसं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं डोकं-मान भागातल्या, बळावलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर हे तपासलं. एका गटाला तोंडानं घ्यायच्या तीन स्वस्त औषधांचा उपचार, दुसऱ्या गटाला तोच उपचार आणि वर दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो, म्हणजे एका वेळचा हा डोस बारावा हिस्सा. एका वर्षानंतर पहिल्या गटात १६.३ टक्के लोक हयात होते, दुसऱ्यात ४३.४ टक्के. आपल्याकडच्या आजारावर, आपल्या खिशाकडे पाहून केलेला हा अभ्यास आहे.

पण दुसरी बाजू लपवणार नाही, तू मोठी आहेस. त्याच अभ्यासात मधला आयुष्यकाळ (निम्मे रुग्ण जितका काळ तरी जगले तो) साडेसहा-सात महिन्यांवरून दहा महिन्यांवर गेला. काहींना यापेक्षा खूप जास्त मिळतं, काहींना काहीच नाही. पूर्ण डोसचं निवोलुमॅब एकटं दिलं तेव्हाही अशा रुग्णांत शंभरातल्या साधारण तेरा जणांच्याच गाठी ठळकपणे आकसल्या होत्या. बाकीच्यांत ब्रेक सुटूनही पेशी का चालल्या नाहीत, याचं एक कारण तू विचारलेलंच आहे: आत इंधन नाही, प्राणवायू नाही, सगळीकडे आम्ल. पुढच्या वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचार, "बाबांच्या बाबतीत आपण काय मिळवायचा प्रयत्न करतोय?" हा प्रश्न विचारायला हिंमत लागते, पण तो विचारल्याशिवाय शेत गहाण टाकू नका.

गाठीच्या आतलं हे स्वयंपाकघर औषधांनी बदलायचे प्रयत्न चालू आहेत. एकदा तर सगळ्यांना खात्रीच वाटली होती. गाठ ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मोडून टाकते आणि टी पेशींना उपास पाडते, म्हणून ते मोडणारं एन्झाइम अडवणारी गोळी निघाली. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या सातशेवर रुग्णांच्या चाचणीत, निम्म्यांना इम्युनोथेरपीच्या जोडीला ती देऊन पाहिली. २०१८ मध्ये निकाल आला, काहीही जास्तीचा फायदा नाही. प्रयोगशाळेत सुंदर दिसणारी गोष्ट माणसात अशी तोंडावर आपटते, आणि ज्यांनी ती केली ते मोठमोठे लोक होते. दुसरीकडे, ग्लुटामीन अडवणाऱ्या औषधानं उंदरांत उलटंच घडलं: गाठ खंगली आणि टी पेशी मात्र जास्त तिखट झाल्या, कारण त्यांना दुसऱ्या वाटेनं इंधन मिळवता येतं. हे अजून संशोधनात आहे, नागपूरच्या औषधाच्या दुकानात विचारत फिरू नको. मधुमेहाची मेटफॉर्मिनही कुणी सुचवेल. तीही स्वतःच्या मनानं नाही.

तू विचारलं नाहीस, पण कुणीतरी 'आयआयटीची पेशी थेरपी' म्हणेलच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांची कार-टी थेरपी, नेक्सकार१९, हिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात टी पेशी अंगाबाहेर काढून, बदलून, वाढवून परत देतात. पण ती रक्ताच्या ठरावीक कॅन्सरसाठी आहे. गालाच्या, मानेच्या घट्ट गाठींत अशा पेशी अजून म्हणाव्या तशा चालत नाहीत. बाहेर पोटभर खाऊन वाढलेली पेशी आत गेली की त्याच वाळलेल्या टोकावर जाऊन उभी राहते.

आता गुळवेल. मला गुळवेलीचं वावडं नाही, माझ्याही कुंपणावर आहे. पण २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी काढा घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदवली. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. तुझ्यासाठी मुद्दा वेगळा आहे. इम्युनोथेरपीनंही कधीकधी यकृताला सूज येते. उद्या बाबांचे डोळे पिवळे झाले तर डॉक्टरांना कळायला हवं की हे औषधानं झालं की काढ्यानं, कारण इंजेक्शन थांबवायचं की नाही हे त्यावर ठरतं. म्हणून काढा बंद. डब्यातल्या 'इम्युनिटी' पावडरीही बंद.

गावातल्या डॉक्टरांकडे 'अशक्तपणाची सुई' घ्यायची तर मुळीच नाही. तिच्यात पुष्कळदा डेक्सामेथासोन असतं. दोन दिवस भूक लागते, तरतरी येते, माणूस खूश होतो. पण ते स्टेरॉइड आहे, ज्या पेशींना जागं करायला आपण हजारो रुपये घालवतो त्यांनाच ते झोपवतं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी स्वतः दिलं असेल तर गोष्ट वेगळी, मग एक गोळीही चुकवायची नाही. सर्दी-खोकल्याला दुकानातून अँटिबायोटिक आणणंही टाळा. आतड्यातले जंतू या उपचाराला मदत करत असावेत, असं बऱ्याच अभ्यासांतून दिसतंय.

जेवणाकडे येऊ. कॅन्सरच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिनं, असा साधारण हिशोब असतो. बाबांना म्हणजे तेराशे ते साडेपंधराशे कॅलरी आणि ५२ ते ७८ ग्रॅम प्रथिनं. ऐकायला मोठं वाटतं. दोन अंडी, अर्धा लिटर दूध किंवा दही, दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर शेंगदाण्यांचा कूट, एवढ्यात पन्नासच्या पुढे जातं. त्यात सोयाबीनच्या वड्या घाल. आपण पोत्यानं सोयाबीन पिकवतो, ट्रॉली भरून विकतो आणि घरात एक दाणा ठेवत नाही, हे मला कधीच कळलं नाही. वड्या शिजवून, वाटून वरणात मिसळल्या तर चवही लागत नाही.

शेक दिल्यावर बाबांचं तोंड नीट उघडत नसेल, तोंड कोरडं पडत असेल, तिखट झोंबत असेल. मग झुणका-भाकर विसरा. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून त्यात दही, भाताची पेज तूप घालून, केळं दुधात कुस्करून, वरणात साजूक तूप. मिरची नको, सांबार (कोथिंबीर) चालेल. तीन वेळा ताट वाढण्यापेक्षा दर दोन तासांनी वाटीभर. इतके दिवस पोट आखडलंय, तेव्हा एकदम नको, आठवडाभरात वाढवत न्या. गिळताना ठसका लागत असेल किंवा पुढच्या दोन आठवड्यांत वजन आणखी उतरलं तर डॉक्टरांना नाकातल्या नळीबद्दल विचार. नळी लागली म्हणजे शेवट आला, असं आपल्याकडे समजतात. नळी जेवायला असते.

कुणी म्हणेल, मग साखर मोकाट सोडायची का? बाबांना मधुमेह असता तर मी वेगळं लिहिलं असतं. जाड, धडधाकट माणसाला मी मिठाई कमी करच म्हणते. ५२ किलोच्या, उतरत्या वजनाच्या माणसाला नाही.

खर्ऱ्याबद्दल तू 'खाल्ला' असं लिहिलंस. भूतकाळ खरा आहे ना? मी असे कितीतरी बाबा पाहिलेत, ऑपरेशननंतरही उशीखाली प्लास्टिकची घोटलेली पुडी. सापडली तर आरडाओरडा करू नको, डॉक्टरांना सांग. तलफेवरही उपचार असतात. आणि घरात भाऊ असेल तर त्याच्या खिशाकडेही लक्ष दे.

उपचार सुरू झाला की एक वही कर. तारीख, वजन, किती वेळा जेवले, किती वेळा संडास. इम्युनोथेरपीत केस सहसा जात नाहीत, उलट्याही फारशा होत नाहीत, म्हणून लोक गाफील राहतात. मोकळ्या सुटलेल्या पेशी कधी आपल्याच अंगावर येतात. दिवसात चार-पाच पातळ संडास, नवा खोकला किंवा धाप, कावीळ, अंगभर पुरळ, अचानक खूप तहान आणि लघवी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी नागपूरला फोन. हे शेवटच्या इंजेक्शननंतर काही महिन्यांनीही होऊ शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं लागलं तर आधी औषधाचं नाव लिहिलेला कागद दाखव, नाहीतर साधी हगवण समजून सलाइन लावून घरी पाठवतील.

पैशांचं थोडक्यात: रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेट, यातलं काय योजनेत बसतं ते लेखी विचार. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्याला सवलत असते. रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, ते पहिल्याच फेरीत मागून घे.

राहिले मोठेबाबा. त्यांना माझं पत्र वाचून दाखवू नको, त्यांचा मान जाईल. पुढच्या फेरीला त्यांनाच सोबत ने आणि डॉक्टरांसमोर त्यांच्या तोंडून विचारायला लाव, "भावाले काय खाऊ घालाचं?" भावावर जीव आहे म्हणून तर ते एवढे कडक झाले. एक काम त्यांच्याकडे सोपव: दर रविवारी वजनाचा काटा आणि वही.

महालक्ष्म्या जवळ आल्यात. तुमच्याकडे ज्वारीची आंबील होतेच. ती पातळ असते, थंड असते, गिळायला सोपी. या वर्षी नैवेद्य दाखवून झाला की पहिली वाटी बाबांना दे, वरून दही घालून. पुरणही कर, कडक पोळी नको, नुसतं पुरण दुधात सैल करून, तुपाची धार सोडून. पोळ्याचं राहिलंय त्यांचं.